बिनफोडणीची डाळ

शिरोड्याहून निघताना दिव्याच्या पाठपिशवीत सगळ्यात वर काय होतं, तर सुक्या बांगड्यांची पुडी. किशोरीचा तसा हुकूमच होता. "कपडे दोन कमी घे गो, पण बांगडे घे. खंय पण विस्तव केलो काय भाजूक होतले."

समुद्राच्या कडेकडेने मालवणपर्यंत चालत जायचं, असं तिघांनी सावंतवाडीला कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. ते घडायला नोकऱ्या लागाव्या लागल्या. दत्तप्रसादने स्टोव्ह आणि टोप उचलला, किशोरीने तांदूळ, कांदे आणि सगळ्यांची काळजी. दिव्याने बांगडे आणि स्वतःची भीती. पाल चुकचुकली तरी ती दचकायची. किशोरी सोबत नसती तर ती हमरस्तासुद्धा एकटी चालली नसती, आणि हे किशोरीला ठाऊक होतं. म्हणून तर ती नेहमी अर्धं पाऊल मागे चालायची. मागून काही आलं तर आधी आपल्याला भेटेल, म्हणायची.

दिवस छान जात होते. सकाळी कुणाच्या तरी पडवीत घावणे आणि चहा, दुपारी माडाखाली कांदा चिरून पोहे, संध्याकाळी फोडांना खोबरेल. "दिव्या भुतांक घाबराता," दत्तप्रसाद म्हणायचा. त्यावर किशोरी, "आणि भुतां तुझ्या मोज्यांक. म्हणान आमी सुखरूप आसंव."

वेंगुर्ले मागे पडलं आणि खवण्याच्या अलीकडे त्यांनी सड्यावरची, उघड्या कातळपठारावरची वाट धरली. किनाऱ्याने वळसा पडतो म्हणून. पण सड्यावर सावली नाही. कातळ तापलेला, गवत वाळून पिवळं, पाण्याच्या बाटल्या कोरड्या. काजूच्या चार झाडांआड एक कौलारू घर दिसलं तेव्हा तिघंही जवळजवळ धावलीच.

उंबऱ्यात एक बाई बसली होती. वय सांगता आलं नसतं. "येवा," ती म्हणाली. "जेवान जावा."

आत थंडगार होतं. इतकं थंड की घाम अंगावरच गार पडला. तिने पत्रावळी मांडल्या, भात वाढला, त्यावर डाळ. नुसती शिजवलेली, पांढुरकी. हळद नाही, फोडणी नाही. चुलीवर काही शिजल्याचा वाससुद्धा घरात नव्हता. दिव्याला पहिल्या घासालाच आजोबा गेले तेव्हाचे दिवस आठवले. सुतकात घरात फोडणी पडत नाही. तिने किशोरीला कोपराने ढोसलं, पण किशोरी भुकेने आंधळी झाली होती.

"काकी, तुमी जेवणास नाय?" दत्तप्रसादने विचारलं.

"घरचा माणूस येवचा आसा," बाई म्हणाली.

जेवून तिघं उठली. सुतकाच्या घरून निघताना काही बोलायचं नसतं. गप्प उठायचं, गप्प वहाणा घालायच्या. दिव्या तशी निघालीही. पण किशोरी आपल्या रोजच्या सवयीने दारापुढच्या खळ्यातून वळली आणि हसून म्हणाली, "येतंय हां काकी!"

बाईने पहिल्यांदाच मान वर केली.

"येतंस? नक्की?"

"येतंय ना! परत जेवक येतंय."

"बरां तर," बाई म्हणाली. "वाट बघतंय."

त्या संध्याकाळी खवण्याच्या वाळूत दत्तप्रसादने बांगडे भाजले. किशोरीने एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकला. "चव नाय."

"मीठ बघ किती आसा!"

"चव नाय म्हटलां ना."

दुसऱ्या दिवशी तिने चहा घेतला नाही. घावण्याला बोट लावलं नाही. ती आता अर्धं पाऊल नाही, बरीच मागे चालत होती, आणि दिव्या दर थोड्या वेळाने वळून बघत होती. प्रत्येक वेळी किशोरीचं तोंड मागच्या वाटेकडे. हात धरून ओढलं की यायची, सोडलं की थबकायची.

"काय झालां गो?"

"काय नाय... कोणतरी वाट बघता."

निवतीला दत्तप्रसादची मावशी होती, सुभद्रा. तिने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, सोलकढी केली होती, पोरं चालत येणार म्हणून सकाळपासून खपली होती. किशोरीने ताट हळूच पुढे सारलं.

"माका ह्यां नको मावशी. फोडणी नसलेला व्हया."

सुभद्रामावशीचा हात डावासकट थांबला. तिने किशोरीला आत नेऊन निजवलं, दार ओढून घेतलं आणि दोघांसमोर येऊन बसली.

"सड्यार जेवलास?"

दत्तप्रसादने होय म्हणून मान हलवली.

"निघताना काय म्हटलास?"

दिव्याच म्हणाली, "किशोरी म्हणाली... येतंय."

"अरे देवा." मावशीने कपाळाला हात लावला. "तिचो घोव दर्यार गेलो तो 'येतंय' म्हणान गेलो. मढां गावलां नाय. तेव्हापासून तिणा सुतक फेडूक नाय. येतंय म्हटलेल्याची ती वाट बघता. माझी आये सांगी, आयेच्या लहानपणी गावातलो एक पोरगो असोच..." पुढचं तिने सांगितलं नाही.

"म्हणजे ती बाई..." दत्तप्रसाद म्हणाला. "मावशे, आमी जेवलंव तिच्या हातचां."

"जेवलास म्हणानच सांगतंय. तो शब्द परत घेवक व्हयो. पण किशोरीक न्हेव नको. ह्यां थंय गेलां तर आपल्या पायान इलां असां होतलां. तू बापयमाणूस, तू परत गेलंस तर तिका वाटात घोव परत इलो." तिने दिव्याकडे पाहिलं. "पंगतीक बसलेली दुसरी बायलमाणूसच जावक व्हयी. दारात उभी रव आणि म्हण, आमी जातंव. इतक्याच."

नाही म्हणायला दिव्याने तोंड उघडलं. बंद दाराआड किशोरी चालत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत, परत.

दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या मोटारसायकलवरून दत्तप्रसादने तिला सड्याच्या पायथ्याशी सोडलं. भर सकाळ होती. ऊन लख्ख होतं. त्याने काय होतं? दिव्या वर चढली तेव्हा तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. ना पाखरू, ना खालचा समुद्र.

घर होतं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. आत पत्रावळ मांडलेली दिसत होती. एकच. त्यावर वाफाळता भात.

"काकी..." ती दारात उभी राहिली. "काकी, आमी जातंव. आमी... जातंव."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी शांतपणे, "जा."

ती वळली. खळं ओलांडलं. काजूच्या पहिल्या झाडापाशी पोचली, तोच मागून हाक आली.

"दिव्या!"

बाईचा आवाज नव्हता. किशोरीचा होता.

"दिव्या, रव गो... माका सोडून जातंस? दिव्या... मी हयच आसंय गो..."

किशोरी निवतीला होती. मावशीने दाराला कडी घातलेली तिने स्वतः पाहिली होती. दिव्या धावत सुटली. हाक रडवेली होत गेली, मग बारीक होत गेली, आणि ती पायथ्याशी पोचेपर्यंत थांबली. दत्तप्रसादने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सांगितलं. चल." हाकेचं तिने त्याला सांगितलं नाही. कुणालाच नाही. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, वळून का नाही पाहिलंस? आणि तिला उत्तर द्यावं लागलं असतं, की घाबरले म्हणून.

निवतीला किशोरी पडवीत मांडी घालून जेवत होती. तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग शेजारी. मावशी डोळे पुसत वाढत होती. "घे गो माझ्या बाये, घे." किशोरी हसली. तेच हसू, तीच खळी. दिव्या तिच्या गळ्यात पडून रडली, आणि दत्तप्रसादने दोघींचे मोबाईलवर फोटो काढले.

भोगव्याला तिघं होडीत बसली. पलीकडे देवबाग, मग तारकर्ली, मग मालवण. दत्तप्रसाद पुढे होडीवाल्याशी बांगड्याच्या भावावरून वाद घालत होता. खाडीचं पाणी हिरवंगार, वारा सुटलेला. किशोरी मावशीने दिलेल्या डब्यातून खात होती. निघाल्यापासून खातच होती.

डबा संपला. तिने बोटं चाटली आणि दिव्याच्या कानाशी वाकली.

"सड्यार तू हाक ऐकान पण वळलंस नाय," ती हळूच म्हणाली, अगदी मायेने. "बरां केलंस गो. नायतर तुझी किशोरी परत इली असती, आणि माका येवक गावला नसता."