दोनदा मोजलेला पगार

"नाकारलं," धाकटी म्हणाली आणि कॉलेजचं पत्र तिने ताईच्या ताटाशेजारी ठेवलं.

थोरलीने ते दोनदा वाचलं. प्रवेश पक्का होता. पण फी माफ व्हायची ती घरची गरज पाहून, आणि थोरलीचा पगार व बाबांची घड्याळदुरुस्तीची कमाई मिळून या घराचं उत्पन्न मर्यादेच्या वर जात होतं. थोडंसंच वर... फेरविचाराला आठ दिवसांची मुदत होती.

"जाऊ दे ताई. मी तुझ्याच कारखान्यात लागते. दोघी मिळून बाटल्या बघू."

"तुला समोर ठेवलेलं मीठ दिसत नाही, बाटल्या काय बघतेस," थोरली म्हणाली खरी, पण तिने ताट बाजूला सारलं. औषधाच्या बाटल्या दिव्यासमोर धरून त्यांतला कण शोधण्यात तिची नऊ वर्षं गेली होती, आणि धाकटीला त्या दिव्यासमोर बसावं लागू नये, एवढ्या एकाच आशेवर तिने ती काढली होती. आज त्या आशेच्या आड ती स्वतःच उभी होती! कारण बाबांची कमाई म्हणजे तिचाच पगार होता.

आई गेली त्या वर्षी दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं. बाबा दिवसभर रिकाम्या टेबलाशी बसून राहत, घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडत. तेव्हा थोरलीने एक जुनं घड्याळ विकत घेतलं, मुद्दाम बिघडवलं आणि दुरुस्तीच्या पैशांसकट मैत्रिणीच्या हाती दुकानात पाठवलं. त्या संध्याकाळी बाबा शीळ घालत घरी आले. मग तिला थांबता येईना... चार वर्षं ती कारखान्यातल्या कुणाकुणाच्या हाती घड्याळं पाठवत राहिली, आणि बाबा महिन्याअखेरीस तेच पैसे ताठ मानेने तिच्या हातात ठेवत राहिले. अर्जात त्यांनी ती कमाई प्रामाणिकपणे लिहिली, आणि एकच पगार दोनदा मोजला गेला.

बाबा जेवायला आले. त्यांनी पत्र वाचलं. "एवढंच ना? फी मी भरतो. दुकान तासभर जास्त उघडं ठेवीन. गिऱ्हाईक आहे आपल्याकडे."

"बाबा... गिऱ्हाईक नाहीये."

मग तिने सगळं सांगितलं. बाबा उभेच होते.

"तो उंच माणूस? अलार्मवाला?"

"आमचा सुपरवायझर."

"आणि ती बाई? घड्याळ सासऱ्यांची आठवण आहे म्हणत रडली होती."

"रडायला मी नव्हतं सांगितलं. ती जरा जास्तच करते."

धाकटीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच ती रडू लागली.

"बिघडवत कोण होतं?"

"मी. केसाच्या पिनेनं."

"स्प्रिंगला पिन लावायची नसते गं," बाबा हळूच म्हणाले, आणि न जेवता बाहेर पडले.

त्यानंतर दुकान उघडलं नाही. बाबा थोरलीशी एक शब्द बोलले नाहीत. फेरविचाराच्या कागदावर त्यांची सही हवी होती. तो कागद तिने रोज त्यांच्या उशाशी ठेवला आणि रोज तसाच कोरा उचलला. आपण एकीला वाचवायला निघालो आणि दुसऱ्याला मारून बसलो, हा विचार तिला दिव्यासमोरच्या प्रत्येक बाटलीत दिसत होता...

आठव्या दिवशी बाबा सकाळीच कुठेतरी निघून गेले. दोघी बहिणी कोरा कागद घेऊन कॉलेजच्या कार्यालयात गेल्या.

"वडिलांच्या सहीशिवाय मला काहीच करता येणार नाही," टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या. "खरंच नाही."

"मग थांबतो आम्ही," थोरली म्हणाली. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कार्यालय बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात भाड्याचं दुकान सोडल्याची पावती. खुर्ची ओढून ते बाईंसमोर बसले.

"दुकानाचं उत्पन्न?"

"काही नाही. चार वर्षांपासून."

"आधीच्या अर्जात चुकून लिहिलं होतं का?"

"चुकून नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं, मला कोण सांभाळतंय ते."

बाईंनी मान वर केली नाही, पण पेन क्षणभर थांबलं. "बरं. मोठ्या मुलीवर अवलंबून असलेल्या व्यक्ती? धाकटी... एक?"

"दोन लिहा," बाबा म्हणाले. "धाकटी आणि मी."

बाईंनी दोनचा आकडा लिहिला, बेरीज नव्याने मांडली आणि म्हणाल्या, "बसताय तुम्ही मर्यादेत. करा सही."

बाबांनी एका हाताने सही केली. दुसरा हात त्यांनी थोरलीच्या हातावर ठेवला होता, आणि कागदावर शिक्का उमटल्यावरही तो त्यांनी उचलला नाही.