न वाळणारा तेवाक

डाव्या पायाच्या सतरा चपला. उजव्या पायाची एकच.

डिसेंबरात आमच्या गावात संत्री कुणी विकत घेत नाही. सकाळी दार उघडलं की पायरीवर पिशवी असते, आणि कुणी ठेवली ते विचारायचं नसतं.

काचेचा एक हिरवा गोळा, आत चमचाभर पाणी. कुठे भोक नाही, चीर नाही.

खोल बुडी मारून वर आलेली बाई श्वास सोडते तेव्हा शीळ वाजते. प्रत्येकीची वेगळी. इथली मुलं आईला आधी शिळेवरून ओळखतात, चेहरा नंतर.

"देव काही नव्या कपड्यांत जन्मला नव्हता," चर्चच्या पाळकबाई म्हणाल्या.

झाडाखाली स्टीलचं घमेलं. रोज सकाळी अर्धं भरलेलं.

"ते जरा उलटं करून दाखवता का?"

*

हे शेवटचं वाक्य माझ्या पाठीमागून आलं, तीन डिसेंबरला. बर्फ की पाऊस ते ठरत नव्हतं, असं काहीतरी भुरभुरत होतं, आणि मी काळ्या खडकांत ओणवी होऊन जाळ्यात अडकलेला थर्माकोलचा गोळा ओढत होते. वळून पाहिलं तर एक उंच माणूस, भिजलेली टोपी, हातात काही नाही. नजर माझ्यावर नव्हतीच... गोळ्यावर होती.

मी उलटा करून दाखवला. खाली कुठल्यातरी होडीचं नाव होतं.

"नाही," तो म्हणाला, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "हे सगळं घेऊन करता काय तुम्ही?"

मी सांगितलं की चर्चचं नाताळचं झाड करतोय. यंदा एकही नवी वस्तू आणायची नाही असं पाळकबाईंनी ठरवलंय. बागेतले जुने बांबू, फाटकी जाळी, आणि समुद्राने फेकलेलं जे मिळेल ते. दिव्यांऐवजी शंखांत मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे.

"म्हणजे कचऱ्याचं झाड."

"कचऱ्याचं नाही. परत आलेल्या वस्तूंचं."

त्यावर तो माझं पोतं खांद्यावर टाकून चालू लागला.

त्याचं नाव को इन्हो. मी बू नारे, गावच्या शाळेत गाणं शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवते. मी इथे आले मार्चमध्ये, म्हणून त्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती सांगितली ओक समचूनने. आमच्याकडे गावातल्या कुणाही वडीलधाऱ्याला, बाई असो की बाप्या, समचूनच म्हणतात. ही समचून समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायकांची म्होरकी, वय अठ्ठ्याहत्तर.

इन्होची आई तीन वर्षांपूर्वी बुडी मारायला गेली आणि आली नाही. ती सापडली नाही. तिचा तेवाकही सापडला नाही. तेवाक म्हणजे या बायकांचा कापड चढवलेला तरंगता गोळा. बाई खाली असते तेव्हा तो वर तिची जागा राखतो. तो एकटाच वाहत आला तर गावाला आणखी काही सांगावं लागत नाही. पण हा आलाच नाही. म्हणून मग इन्हो आला – समुद्रापलीकडच्या गॉजेच्या गोदीतलं वेल्डिंगचं काम सोडून. आणि तेव्हापासून रोज किनारा बघत फिरतोय.

"तीन वर्षं एकटा किनारा झाडत होता," ओक समचून म्हणाली. "आता झाडायला जोडीदारीण मिळाली. बरंय. किनारा तरी स्वच्छ राहील."

माझे कान तापले. थंडीने, असं मी तिला सांगितलं.

*

दुपारी शाळा सुटली की मी पोतं घेऊन जायची आणि तो आधीच तिथे असायचा. मी उचलायची, तो उलटं करून बघायचा, मग पोत्यात. उचल, उलट, टाक. बोलणं मध्येमध्ये.

तो मला 'बाई' म्हणायचा, शाळेतल्या पोरांसारखा. मी म्हटलं, असं म्हणू नका, मला खडू लागल्यासारखं वाटतं. तर दुसऱ्या दिवशी येताना खरंच एक खडू घेऊन आला, समुद्रात घासून गुळगुळीत झालेला, म्हणाला हाही परत आलेला आहे, झाडाला लावा. मी तो लावला नाही. माझ्या कोटाच्या खिशात आहे.

एकदा मी मुळ्याचं सारण भरलेली कुट्टूची धिरडी नेली होती. तो वाऱ्याच्या बाजूला बसला, मुद्दाम, मला आडोसा मिळावा म्हणून. त्याच दिवशी म्हणाला की गोदीतल्या मुकादमाचा फोन आला होता, जानेवारीपासून जागा आहे.

"मग जाणार?"

"तेवाक सापडला की. ज्या दिवशी सापडेल त्याच्यानंतरची पहिली बोट." तो बोटं पुसत होता. "त्यावर माझं नाव आहे. कापड फाटलं तेव्हा आईने माझ्या शाळेच्या गणवेशावरचा नावाचा तुकडा उसवून ठिगळ लावलं होतं. मला फार लाज वाटायची... सगळ्या समुद्राला माझं नाव दिसतं म्हणून."

आणि तेव्हा ती वाजली. शीळ.

लाटांचा इशारा लागलेला होता, दोन दिवस एकही बाई पाण्यात उतरली नव्हती. आधी खालचा सूर, मग तुटून वरचा. तो धिरडं हातात धरून तसाच राहिला.

"ऐकलंत?"

"वारा असेल," मी म्हणाले.

"वारा दमत नाही, बाई. ही दमलेली आहे."

मी ऐकली होती. माझे कान सुरांचे आहेत, ते खोटं बोलत नाहीत. मी बोलले.

*

अकरा डिसेंबरला सकाळी शाळेआधी मी एकटीच गेले होते. तीच शीळ, अगदी जवळून, खडकांच्या मागून. मी तिच्या मागे गेले. ती थांबायची, मी थांबायची. मग पुन्हा, थोडी पुढे. जणू कुणी बोट धरून नेत होतं. एका घळीत ती कायमची थांबली. तिथे पाणी नव्हतं, लाट पोचत नव्हती, आणि तरी तो तिथे होता... नारिंगी, कापड विटलेलं, एका बाजूला निळं ठिगळ. ठिगळावर दोऱ्याने भरलेली अक्षरं.

को इन्हो.

ज्याच्यासाठी मी सकाळी केस दोनदा विंचरत होते त्याचं नाव मला समुद्राने हातात दिलं होतं. आणि ते त्याला दिलं की तो जाणार होता.

मी तो समुद्रात परत टाकला नाही. इतकी वाईट मी नाही. त्याला दिलाही नाही. तेव्हा मी असं केलं – चर्चमध्ये नेला आणि झाडावर बांधला, तीनशे गोळ्यांत, उंच, ठिगळ भिंतीकडे करून. सगळ्यांसमोर होता. फक्त इन्हो चर्चमध्ये पाऊल टाकत नसे. त्याची आई समुद्राच्या देवीची, मग तोही.

दुसऱ्या दिवशी पाळकबाई म्हणाल्या की छप्पर गळतंय. झाडाखाली ओलं होतं. त्यांनी घमेलं ठेवलं. पाऊस नव्हता, शेगडी दिवसभर चालू होती, बाकीचे गोळे वाळून कडकडीत झाले होते. घमेलं रोज सकाळी अर्धं.

मी सराव करत बसले की पाठीमागे थेंब पडायचा. नंतर लक्षात आलं, तो माझ्या तालात पडतोय. मी हात थांबवले तर तोही थांबला. मी वळून पाहिलं नाही.

*

इन्हो मात्र बदलत चालला होता. चौदा तारखेपासून गोळे उलटून बघेनासा झाला. मी उचलायची, तो तसाच घ्यायचा आणि पोत्यात टाकायचा, बघायचा माझ्याकडे. मला वाटलं, माझ्यामुळे. मला वाटलं, तो विसरायला लागलाय, आणि मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच भीती वाटली. एका संध्याकाळी निसरड्या खडकावर त्याने हात पुढे केला आणि खडक संपल्यावरही सोडला नाही.

"आता सपाट आहे," मी म्हणाले.

"माझ्याकडून अजून निसरडं आहे."

मी हात काढून घ्यायला हवा होता. ज्या हाताने गाठ बांधली होती तोच होता तो.

*

तेवीस तारखेला ओक समचून संत्र्यांची पोती घेऊन चर्चच्या दारात आली. आत आली नाही. दारातूनच झाडाकडे बघत राहिली. मग घमेलं मागितलं. मी नेऊन दिलं. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"हे छपराचं पाणी नाही, पोरी."

माझी नजर झाडावरच्या त्या उंच गाठीकडे गेली.

"जी घरी आलेली नाही तिचा तेवाक छपराखाली बांधायचा नसतो. ती बिचारी वाळणार कशी?" एवढंच म्हणाली. ओरडली नाही. घमेलं माझ्या हातात देऊन निघून गेली, आणि मला ते दोन हातांनीही पेलवेना.

*

चोवीसला दुपारी मी इन्होला चर्चमध्ये बोलावलं. म्हटलं, शिडी धरायला माणूस हवाय. तो आला. उंबऱ्यावर टोपी काढली. शंखांतल्या मेणबत्त्या अजून लावायच्या होत्या, आत राखाडी उजेड होता, आणि झाडावर वारा नसताना गोळे एकमेकांवर हलकेच आपटत होते.

मी वर चढले. गाठ सोडली. तेवाक खाली आणला, ठिगळ त्याच्याकडे करून त्याच्या हातात ठेवला. दोन आठवडे गळणारा तो तेवाक हातात पूर्ण कोरडा होता.

"अकरा तारखेला सापडला," मी म्हणाले. "मी लपवला."

तो ठिगळावरून अंगठा फिरवत होता.

"का?" त्याने विचारलं, जसं उत्तर फक्त ऐकायचं बाकी आहे.

"तू म्हणाला होतास, सापडला की जाशील." पहिल्यांदाच 'तू' निघालं तोंडातून. "तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. हे कारण झालं, माफी नाही. तुझी आई तेरा दिवस इथे टांगलेली होती, इन्हो, माझ्यामुळे. मला ऐकू येत होतं."

तो बाकावर बसला, तेवाक मांडीवर घेऊन, लहान मुलाला घेतात तसा. मी शिडीपाशी उभी. तो रडत होता की नाही ते मला दिसलं नाही. मान खाली होती. मग बाजूची जागा त्याने हाताने पुसली. धूळ नव्हती तिथे. मी बसले.

*

अंधार पडायच्या आत बायका किनाऱ्यावर जमल्या. पांढऱ्या कागदात तांदूळ बांधून, दोरा गुंडाळून, एकेकीने पुड्या समुद्रात टाकल्या. एक देवीला, एक इन्होच्या आईला. ओक समचूनने तिला हाक मारून सांगितलं की पोरगा आलाय, आता ये घरी. पाळकबाई विधीत नव्हत्या. त्या इन्होवर छत्री धरून उभ्या होत्या. त्याने शेवटची पुडी टाकली आणि आम्ही सगळ्यांनी कान दिले.

शीळ नाही, काहीच नाही. नुसता समुद्र.

सव्वीसच्या बोटीला मी त्याला सोडायला गेले. पिशवी खांद्यावर, तेवाक कापडात बांधून काखेत.

"गॉजेलाही किनारा आहे," तो म्हणाला.

"असेल."

"फार घाण आहे. सगळीकडे गोळे, चपला. बघवत नाही. एकट्याने आवरण्यासारखं नाही ते."

"हे आमंत्रण आहे का तक्रार?"

"नारे," तो म्हणाला, पहिल्यांदाच, 'बाई' न लावता, आणि भोंगा वाजला म्हणून पुढचं माझ्या कानाशी येऊन सांगावं लागलं. ते मी इथे लिहीत नाही. शाळेला सुट्टी वीस जानेवारीपर्यंत होती.

बोट गेल्यावर पाळकबाईंनी मला सांगितलं: चौदा डिसेंबरला दुपारी, मी शाळेत असताना, इन्हो चर्चमध्ये आला होता. पाळकबाईंकडून शिडी मागून घेऊन तो झाडावर चढला, नारिंगी तेवाक भिंतीकडून फिरवून पाहिला, पुन्हा होता तसा केला आणि मला भेटायला किनाऱ्यावर गेला.