सहाही नावा एका नजरेत

जुन्या दुर्बिणीचा सैल झालेला सांधा घट्ट करून घ्यायचा, एवढ्याच कामासाठी ती त्या दुकानात शिरली. काउंटरमागच्या तरुणाने मान वर केली, आणि तिने, का कोण जाणे, चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

“ही बारा पटींची आहे,” दुर्बीण न्याहाळत तो म्हणाला. “कशासाठी वापरता?”

“नौकाशर्यतीत पंच आहे मी. म्हणजे... अजून तरी आहे.”

गेल्या शर्यतीत सहा नावांपैकी पहिली नाव तिला इतकी जवळ दिसत होती, की वल्हे मारणाऱ्याच्या कपाळावरचा घामही तिच्या नजरेतून सुटला नाही. सुटले ते एवढेच, की पाचव्या नावेने चौथीची वाट अडवली होती. वर्षभर सराव केलेली मुले हरली. मुख्य पंचांनी आवाज न चढवता सांगितले होते, की येत्या रविवारी पुन्हा असे झाले तर तिचे पंचपद जाईल.

“मग नुसता सांधा घट्ट करून भागणार नाही,” तिच्याकडून हे सगळे ऐकून तो म्हणाला. “पटी वाढल्या की दृश्य आक्रसतं, आणि हात जरा हलला तरी चित्र थरथरतं. तुम्हाला आठ पटींची, रुंद दृश्याची घ्यावी लागेल. नाव लहान दिसेल, पण सहाही दिसतील.”

त्याने सर्वांत रुंद दृश्याची दुर्बीण तिच्या हाती दिली. समोरच्या बसथांब्यावरची अख्खी रांग तिला एका वर्तुळात दिसली. दुर्बीण खाली करताना तिची नजर त्याच्याकडे गेली, जरा जास्तच वेळ.

शुक्रवारी ती विकत नेलेली दुर्बीण घेऊन परत आली, तेव्हा चष्मा नाकावर होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

“सरावाच्या वेळी हिच्यातून मला चारच नावा दिसल्या. किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं.”

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. “मला तर सगळं...” तो थांबला. “तुम्हाला चष्मा आहे?”

“शाळेपासून.”

“त्या दिवशी नव्हता.”

“होता,” कोपऱ्यात भिंगे पुसणारी त्याची आत्या मान वर न करता म्हणाली. “दारातून आली तेव्हा होता. तुला पाहून उतरला.”

तिचे कान तापले. तो उगाच दुर्बिणीचा पट्टा सरळ करू लागला.

“चष्म्यामुळे डोळा भिंगापासून लांब राहतो,” शेवटी तो म्हणाला. “हिला डोळा अगदी जवळ लागतो, म्हणून कडा कापल्या जातात. चष्मा काढून पाहिलंत तर—”

“दुर्बीण खाली केली की मला नुसतं तळंही दिसायला हवं. चष्मा घालत-काढत बसले तर शर्यत संपेल.”

“बरोबर. मी विचारायला हवं होतं.”

“मीही लपवायला नको होता.”

“का लपवलात?”

“आत्यांनी सांगितलं ना आत्ता.”

आत्या मन लावून भिंग पुसत राहिली.

शनिवारी तो तीन दुर्बिणी घेऊन तळ्यावर आला. त्याच्या नाकावर साध्या काचांचा चष्मा होता.

“हे काय सोंग?”

“तुम्हाला कसं दिसतं, ते पाहायचंय.”

तो प्रत्येक दुर्बिणीतून पाहायचा आणि मग तिच्याकडे द्यायचा. तिसरीच्या डोळ्यांकडच्या रबरी कडा त्याने दुमडून दिल्या. मापाने तिचे दृश्य आधी विकत नेलेल्या दुर्बिणीपेक्षा थोडे अरुंद होते; पण चष्म्यातूनही वर्तुळ पूर्ण दिसत होते. या काठापासून त्या काठापर्यंत.

“हीच,” दोघे एकदमच म्हणाले.

रविवारी अर्ध्या अंतरावर तिसरी नाव किंचित कलली आणि दुसरीच्या वाटेत घुसली. तिने क्षणही न दवडता लाल निशाण उंचावले. शर्यत थांबली, पुन्हा सुरू झाली. शेवटी मुख्य पंच तिच्याजवळ येऊन म्हणाले, “पुढच्या महिन्यातही तुम्हीच उभ्या राहा.”

तो काठावरच्या गर्दीत होता. ती पंचांच्या मचाणावरून खाली उतरली.

“आता दुकानात यायला तुम्हाला काही कारण उरलं नाही,” तो म्हणाला.

“कारणाशिवाय येईन. उद्या दुकान बंद व्हायच्या वेळी दाराशी थांबते. आत्यांना तेवढं सांगून ठेवा.”

“काय सांगू?”

“मला तुम्ही आवडता, हे...” ती म्हणाली. “त्यांना ठाऊकच आहे म्हणा. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं.”

तिच्या गळ्यातली दुर्बीण त्याने अलगद उतरवून घेतली, स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि तिच्याबरोबर चालू लागला.