तिसऱ्या खिंडीच्या अलीकडे

माझ्या दोन भावांनी एकमेकांशी बोलावं, एवढ्यासाठी मी त्या तीन खिंडींची मोहीम आखली. लोक डोंगरात हवा खायला जातात, फोटो काढायला जातात. मी दोन हटवाद्यांची तोंडं उघडायला निघाले होते.

दादा माझ्याहून मोठा, धाकटा माझ्याहून लहान. दोघेही मेकॅनिक, दोघांचं गॅरेज एकाच आवारात, मध्ये पत्र्याची भिंत. तरुणपणी दोघांनी सुटे भाग जमवून एक जीप उभी केली होती आणि त्याच जीपने तिन्ही खिंडी ओलांडायच्या असं त्यांचं ठरलं होतं. मग धाकटा कामासाठी बाहेरगावी असताना दादाने ती जीप कापून भंगारात दिली. जागा अडत होती, म्हणाला. धाकटा परत आला, त्याने ती रिकामी जागा पाहिली, आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

कडाकडा भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते भांडलेही नाहीत. ते माझ्यामार्फत बोलू लागले. एकाच टेबलाशी, हाताच्या अंतरावर बसून धाकटा मला सांगायचा, "ताई, त्याला सांग, पंप लागला तर घेऊन जा." मी दादाकडे वळून तेच म्हणायचे, आणि मगच दादाला ते ऐकू यायचं. मी न सांगता तो कधी उठला नाही. दिवसभर हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसून मी परक्यांचे निरोप पोचवते. घरी आल्यावर पुन्हा तीच नोकरी, आणि तिला सुट्टी नाही!

यंदा दादाचे डोळे बिघडले. पडदा झिजतोय, डॉक्टर म्हणाले. या उन्हाळ्यापर्यंत गाडी चालवा, तीही लख्ख उजेडात, नंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दवाखान्याच्या जिन्यात दादाने मला शपथ घातली. धाकट्याला यातलं एक अक्षर कळलं तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाला. त्याला कोणाची दया नको होती, आणि धाकट्याची तर मुळीच नको होती. मी शब्द दिला. त्याच संध्याकाळी मी दोघांपुढे नकाशा पसरला आणि म्हटलं, या उन्हाळ्यात खिंडी करायच्या.

मला वाटलं होतं, दोघेही उडवून लावतील. पण दोघे नकाशाकडे बघत राहिले. मग दादाने उठून नकाशाच्या कोपऱ्यांवर नट आवळायचे चार पाने ठेवले, आणि मी समजले की जमलं.

तयारीचे ते आठवडे मला अजून आठवतात, कारण त्यात मी सुखी होते. जेवणाच्या टेबलावर ताटांऐवजी पट्टे, साखळ्या, हवेचे पंप. वहिनी म्हणायची, या घरात आता जेवायचं असेल तर आधी बोनेट उघडावं लागेल. धाकट्याने आपल्या गाडीच्या पुढच्या बंपरवर विंच बसवली, म्हणजे तारेचा दोर गुंडाळून ओढणारं यंत्र. दादाने दोन्ही गाड्यांच्या पोटाखाली जाड पत्रे ठोकले, धाकट्याच्यासुद्धा, न विचारता. दगडांवर चाकांतली हवा किती उतरवायची यावर दोघांचा तासभर वाद झाला, आणि तो सगळा वाद माझ्या तोंडून झाला. मला हवेचं ओ की ठो कळत नव्हतं!

खरी ठिणगी पडली ती पुढे कोण राहणार यावर. धाकट्याचं म्हणणं, विंच त्याच्याकडे, त्याची गाडी नवी, त्याने पुढे राहावं. दादाचं म्हणणं एवढंच, की तो मोठा आहे. मला डोळ्यांचं माहीत होतं. पण दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी धाकट्याला म्हटलं, जाऊ दे, मोठा आहे तो. शेवटी एक नियम ठरला. कठीण जागा आली की मी उतरायचं, पुढच्या गाडीसमोर चालायचं आणि हाताने खूण करायची. हात वर म्हणजे थांब. दगडांच्या खाणीत आम्ही सराव केला, तेव्हा माझ्या प्रत्येक खुणेवर दादा बिनचूक थांबला. वॉकीटॉकी दोन होत्या, एकेका गाडीत एक. मला तिसरी हवी होती. तुला कशाला, असं या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं.

पहिली खिंड आम्ही गाणी म्हणत ओलांडली. मी आणि दादा पुढच्या गाडीत, धाकटा एकटा मागे. रस्ता कच्चा असला तरी रुंद होता, ऊन लख्ख होतं, आणि दादा पोरासारखा गाडी हाकत होता. माथ्यावर वारा इतका, की दार उघडायला खांदा लावावा लागला.

दुसऱ्या खिंडीखाली बर्फाच्या पाण्याचा ओढा होता. सकाळी लवकर पोचलो असतो तर घोटाभर पाणी असतं. आम्ही दुपारी पोचलो, तेव्हा ते खळाळत होतं. दादाने गाडी पाण्यात घातली, पण पलीकडे चढताना एका धारदार दगडाने तिचं मागचं चाक फाडलं. धाकटा पाण्यातून चालत आला, गुडघ्यांवर बसला आणि दादाचं चाक बदलायला लागला. दादा नट हातात घेऊन उभा. एकाने हात पुढे करायचा, दुसऱ्याने त्यात नट ठेवायचा. एक शब्द नाही. तरी मला भरून आलं. मला वाटलं, झालंच आता, उद्या बोलतील.

पण ऊन कलताच दादा अडखळायला लागला. खड्डे त्याला उशिरा दिसत होते. मुक्काम इथेच करू, तो माझ्याजवळ पुटपुटला आणि मी ते धाकट्याला कळवलं. वॉकीटॉकीवर धाकट्याचा आवाज आला, "ताई, त्याला सांग, आपण सहलीला नाही आलेलो. अजून तासभर उजेड आहे." मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, मला विरळ हवा सोसत नाही. धाकट्याने लगेच गाडी थांबवली, गोळी आणून दिली, माझ्यासाठी स्वतःची रजई काढली. त्या रजईत मला झोप आली नाही.

तिसरी खिंड म्हणजे कड्यात कोरलेली एक पायरी. उजवीकडे खडक, डावीकडे काहीच नाही. दुपारी आम्ही तिच्या निम्म्यावर होतो आणि माथा समोर दिसत होता, दोन सुळक्यांमधली फट आणि तिच्यात कोणीतरी रचलेला दगडांचा ढीग. पुढे वाटेचा डावा काठ ढासळला होता. मी नियमाप्रमाणे उतरले आणि पुढे चालू लागले.

तेवढ्यात खालून ढग चढला. आधी पाय दिसेनासे झाले, मग खडक. ओला बर्फ तोंडावर चापट्या मारू लागला. मी वळले. दादाच्या गाडीचे दिवे दोन पिवळे डाग झाले होते. मी हात वर केला. थांब! डाग पुढे सरकले. मी दोन्ही हात वर केले. गाडी येतच राहिली! मी ओरडले, पण वाऱ्याने आवाज उडवून नेला.

मागून धाकट्याला दिसत होतं. दादाचं मागचं डावं चाक काठावर गेलं होतं. त्याने वॉकीटॉकी उचलली. काय बोलला ते मला नंतर कळलं. तो म्हणाला, "ताई, त्याला सांग, थांब म्हणावं."

गाडीत ताई नव्हती. ताई बाहेर बर्फात हात हलवत होती. आणि दादाने, हे त्याने स्वतः सांगितलं, ते शब्द ऐकले आणि मान वळवून माझ्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. सवयीने. मी सांगेन म्हणून तो वाट पाहत राहिला, आणि गाडी सरकत राहिली.

काठ सुटला!

गाडी बसली, कलली, पोट दगडावर आपटून अडकली. डावं चाक हवेत! मी धावले. धाकटा माझ्याआधी तिथे होता, आणि त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दादा, ब्रेकवरचा पाय काढू नकोस. माझं ऐक. मी दोर लावतोय."

इतक्या वर्षांनी तो दादाला दादा म्हणाला होता. मला ते कळलं, पण त्याचं काही करायला वेळ नव्हता. मी गाडीच्या उजव्या पायरीवर चढून बाहेर झुकले, वजन म्हणून. धाकट्याने विंचचा दोर दादाच्या मागच्या हुकात अडकवला, आपल्या चाकांना दगड लावले, बटण दाबलं. दोर ताणला. गाडी जराशी सावरली.

"आता ये बाहेर. सावकाश. ताई, तू उतर, त्याला धर."

मी दार ओढलं. दादा माझ्या अंगावर कोसळला आणि आम्ही दोघे खडकाशी पडलो. त्याच क्षणी मागचा हूक पत्र्यासकट उखडला. दोर सपकन मागे उडाला. गाडी गेली! दगड, पत्रा, काच, सगळे आवाज एकामागून एक खाली गेले आणि फार वेळ जात राहिले.

आम्ही तिघे भिंतीला पाठ लावून बसलो. दादाच्या हनुवटीवरून रक्त येत होतं, बाकी तो धड होता.

"मला ती दिसली नाही," दादा म्हणाला. थेट धाकट्याला म्हणाला. "समोर उभी होती, दिसली नाही. डोळे गेलेत माझे. डॉक्टरांनी सांगितलंय."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू त्याला पुढे ठेवलंस."

मी दादाकडे पाहिलं. त्याने फक्त एवढं म्हणायचं होतं, की शपथ मी घातली होती. त्याला ऐकू गेलं नाही असं नाही. तो बर्फाकडे बघत होता. मग म्हणाला, "खिंडी करायच्या ही तिचीच कल्पना."

ते खोटं नव्हतं.

ढग फाटला. फट समोर होती, दगडांचा ढीग दिसत होता, चालत जाऊन हात लावून येता आला असता. धाकट्याने विचारलं, दादा, जायचंय का वर. दादाने नको म्हटलं. गाडी वळवायला जागा नव्हती. धाकट्याने ती उलटी, इंच इंच खाली आणली, आणि दादा दारातून वाकून चाकाजवळचा काठ त्याला सांगत होता. जवळचं त्याला दिसतं. उजवीकडे घे, बस, सोड. धाकटा ऐकत होता. मी मागच्या सीटवर होते. मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही.

आता गॅरेजमधली पत्र्याची भिंत काढली आहे. धाकटा माझ्याशी बोलत नाही. दादा बोलतो, पण हवापाण्याचं. मला हवं होतं ते मी मिळवलं, असं कोणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. रागही येतो, दोघांचाही. मी काही दगड नाही.

परवा हॉस्पिटलच्या बोर्डावर वहिनीचा फोन आला. पुढच्या उन्हाळ्यात दोघे पुन्हा निघतायत, तिसरी खिंड पुरी करायला. धाकटा चालवणार, दादा शेजारी बसणार. मी विचारलं, आणि मी? वहिनी म्हणाली, मागच्या सीटवर पेट्रोलचे डबे ठेवायचं ठरलंय त्यांचं.