बिनटाक्याचा पट्टा

मशीनवरून मान वर केली आणि टाचणीच्या हातातली कात्रीच गळून पडली. दुकानाचं दार ढकलत एक पोलादी पत्रा आत येत होता! पत्र्याच्या खाली दोन पाय, वर कुरळे केस, आणि चालणं उलटं...

"अगं बाई, कासव!" तिच्या तोंडून निघून गेलं.

कासव वळलं आणि हसलं. हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडली. कासवाला खळी पडते हे टाचणीला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

टाचणी म्हणजे मामाच्या दुकानात पिशव्या, तंबू, ताडपत्र्या शिवणारी भाची. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून मामाने ठेवलेलं हे नाव. पलीकडच्या मशीनवर मामा बसे. त्याचे डोळे अधू झाले होते, पण कान मात्र फार तिखट.

"मी पाणबुड्या आहे," पाठीवरचा पत्रा उतरवत तो तरुण म्हणाला. "लोकांना समुद्राखाली न्यायचं, पोहायला शिकवायचं, हे माझं काम. हा पत्रा पाठीवर बांधतात आणि त्याला मागे हवेची टाकी लावतात. बांधायला नायलॉनचा जाड पट्टा हवाय."

"शिवून ठेवते. उद्या या."

"शिवायचं नाही. एकही टाका नको."

टाचणी थक्क! न्हाव्याकडे जायचं आणि केसांना हात लावू नका म्हणायचं, त्यातली गत.

"माझा टाका हत्तीने ओढला तरी उसवत नाही म्हटलं!"

"हत्ती पाण्याखाली जात नाही ना," तो शांतपणे म्हणाला. "खोल पाण्यात टाका उसवला तर... हाक कुणाला मारायची? म्हणून पट्टा अखंड हवा. हे बघा, पत्र्याच्या वरच्या खाचांतून निघायचं, दोन्ही खांद्यांवरून पुढे यायचं, काखेखालून मागे जाऊन खालच्या खाचांत शिरायचं, आणि एवढा फेरा मारून दोन्ही टोकं कमरेच्या बक्कलाशी... भेटतात."

'भेटतात' म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं. टाचणीने घाईघाईने कात्री उचलली. ती उलटी धरलीय हे तिला नंतर कळलं.

"एक विनंती होती," तो चाचरत म्हणाला. "माप अंगावरच घ्यावं लागतं आणि पट्टा जिच्यासाठी आहे ती कामासाठी बाहेर गेलीय. तुमचे खांदे, उंची, सगळं तिच्यासारखंच आहे. जरा... उभ्या राहाल?"

ती!

ती म्हणजे कोण? विचारलं असतं तर एका शब्दात उत्तर मिळालं असतं. पण बाळांनो, नको असलेलं उत्तर येईल या भीतीने माणूस सोपे प्रश्न गिळून टाकतो. तिनेही गिळला. निमूटपणे उभी राहिली.

त्याने पट्टा खांद्यावरून घेतला. "खांदा आणि पट्टा यांच्यात चार बोटं गेली पाहिजेत. तिला घट्ट चालत नाही, लगेच चिडते."

"तुमचीच बोटं जायला हवीत का?"

त्याने हात असा मागे घेतला, जणू इस्त्रीला लागला. "तुमची चालतील," म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

याखेरीज एक वेगळा पट्टा पायांमधून येऊन कमरेला अडकणारा होता. तो समजावताना पाणबुड्या छताकडे बघत राहिला, आणि मामाला अचानक खोकल्याची उबळ आली.

मग तो रोज येऊ लागला. आज पट्ट्याची डावी कडी खाली आली, उद्या पत्रा मानेला लागतो, परवा कमरेची ढील जास्त झाली. ती तापलेल्या पात्याने टोकं कापायची, जळक्या नायलॉनचा वास सुटायचा आणि तो म्हणायचा, "छान वास आहे." या वासाला छान म्हणणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

आणि एक दिवस तो म्हणाला, "जमलं. ती परत आली की आमची बोट निघेल. मोठा मोसम आहे... काही महिने इकडे फिरकणं नाही."

त्या संध्याकाळी टाचणीने जे केलं त्याने तीच हबकली. कमरेचं टोक साफ करताना तिचं पातं वीतभर आत गेलं. चुकून नव्हे, चांगलं बघून! पट्टा आखूड झाला, नवा घालावा लागला आणि त्याच्या दोन फेऱ्या वाढल्या. दुसऱ्या बाईच्या वस्तूवर सुरी चालवणारी आपण कोण? तिला रात्रभर झोप लागली नाही.

नवा पट्टा बसला त्याच दुपारी दार धाडकन उघडलं. कापलेल्या पांढऱ्या केसांची, काटक अंगाची बाई, जाड काळ्या रबरी सूटमध्ये, निथळत उभी!

"झाला का रे माझा पट्टा? बोट सकाळी सुटतेय."

"झाला, आई," पाणबुड्या म्हणाला.

आई? टाचणीचा आ वासलेला तसाच राहिला. ती म्हणजे आई! बोटींचे तळ तपासणारी, त्याला समुद्र शिकवणारी आई!

आईने दात-ओठ खात हात पट्ट्यात घुसवले आणि काढताना अडकली. खांदे आवळलेले, कोपरं वर. उलथ्या खेकड्यासारखी ती दुकानभर फिरू लागली. "सोडव! अरे, सोडव मला!"

पाणबुड्या पुतळा झाला होता. टाचणीच पुढे धावली. खांद्यावरची कडी धरून तिने पत्र्याच्या खाचेतून ढील वर सरकवली, आधी उजवी, मग डावी. आई सुटली.

"काय रे," आई लेकावर गरजली, "शिकाऊ पोरांना पहिला धडा काय देतोस?"

"सूट... जाड सूट अंगात घालूनच माप घ्यायचं."

"मग माझा जुना सूट मी कशाला ठेवून गेले होते? हिला का नाही घालायला दिलास?"

त्याने हातातलं बक्कल उघडलं, पुन्हा लावलं. पलीकडे मामाचं मशीन थांबलं.

"दिला असता..." त्याचा आवाज अगदी खाली गेला, "दिला असता, तर माप एकाच दिवसात झालं असतं."

टाचणीच्या कानांत समुद्र भरला. आणि मग जे गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं. "मी पट्टा मुद्दाम कापला होता! ती दुसरीच कुणी असेल वाटलं, म्हणून... तुम्ही जाऊ नये, म्हणून..."

आता अवाक व्हायची पाळी त्याची होती. "तू? मुद्दाम?" तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"शाब्बास," आई स्टुलावर बसली. "एक लबाड, दुसरी त्याहून. पण मला पट्टा आजच हवाय."

आईने सूटवर पत्रा चढवला आणि दोघं भराभर कामाला लागली. ढील देताना बोटाला बोट लागलं, पण या वेळी कुणी हात मागे घेतला नाही.

"लवकर गेलो तर लवकर येईन," तो पुटपुटला. "आल्यावर... तुला पोहायला शिकवू? जन्मभर वेळ लागला तरी चालेल."

टाचणी बक्कल आवळत म्हणाली, "मामाला विचार."

"मी मघापासून हो म्हणतोय," पलीकडून आवाज आला, "पण इथे माझं ऐकतंय कोण!"