हाताला पाठ झालेला चेहरा

बसमधून उतरताना तिचा चष्मा पडला आणि मागून उतरणाऱ्याच्या बुटाखाली त्याचा चुरा झाला.

"माफ करा," समोरचा धूसर माणूस म्हणाला. "पण माणूस बरोबर भेटलाय तुम्हाला. मी चष्मेच बनवतो."

"म्हणजे गिऱ्हाइकं अशी मिळवता तर..."

"धंदा मंदावला की."

संध्याकाळी त्याने नवा चष्मा तिच्या नाकावर ठेवला, कानामागची काडी बोटाने हलकेच वाकवली, आणि तिला सगळ्यात आधी स्पष्ट दिसला तो त्याचाच चेहरा. जाड भुवया, किंचित वाकडं नाक, हसू दाबताना डाव्या गालावर पडणारी खळी. तिथेच बाई कामातून गेल्या. मग काडी सैल झाली, नाकाला टोचतंय, अशा सबबी काढून ती त्याच्या दुकानात जाऊ लागली. तो इमानेइतबारे काडी घट्ट करायचा, आणि देताना पुन्हा जरा सैल सोडायचा... म्हणजे ती परत येईल.

ती पोलिसांसाठी चित्रं काढायची. साक्षीदाराने सांगावं आणि तिने गुन्हेगाराचा चेहरा कागदावर उतरवावा. हात असा, की फौजदार तिला कौतुकाने 'आरसा' म्हणायचे.

एके दिवशी सराफाच्या दुकानावर दरोडा पडला. पहारेकरी जिवानिशी गेला. दुकानातला म्हातारा कारकून तिच्यासमोर बसला. भुवया जाड होत्या, म्हणाला. नाक... वाकडं असावं. पुढचं त्याला धड आठवेना. तिची पेन्सिल मात्र थांबली नाही, आणि बघता बघता कागदावरून तिचा चष्मेवाला तिच्याकडे बघू लागला.

"हाच," कारकून म्हणाला. "देवाशप्पथ, हाच."

दरोड्याच्या संध्याकाळी ती आणि चष्मेवाला भेटणार होते. ऐन वेळी त्याने काम निघालं म्हणून कळवलं होतं, आणि कसलं काम, हे नंतरही हसण्यावारी नेलं होतं. आता ते हसू तिला खायला उठलं. कागद फाडून टाकावासा वाटला. पण बाहेर बाकावर पहारेकऱ्याची बायको तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. त्याला फोन करून विचारावं, असंही मनात आलं. पण तो पळाला तर... आणि खोटं बोलला तर? तिला धीर झाला नाही. तिने चित्र फौजदारांच्या हाती दिलं, नाव-पत्ताही सांगितला.

त्याला कोठडीत टाकलं. सकाळी तिने रडत रडत थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं, तेव्हा ताईने कपाळावर हात मारला. त्या संध्याकाळी तो ताईकडेच बसला होता, हिला मागणी घालायला. हिच्या कानावर मीच घालते, तोवर चूप राहा, असं ताईनेच त्याला बजावलं होतं. ताई तशीच ठाण्यात गेली, जबाब दिला, आणि तो सुटला. पुढे खरा दरोडेखोर सापडला. भुवया तेवढ्या जाड, बाकी काही म्हणता काही जुळत नव्हतं. चित्र इतकं जिवंत होतं की आपण हो म्हणून गेलो, असं कारकून खाली मान घालून म्हणाला.

ती चष्म्याच्या दुकानात गेली. त्याने तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला आणि काच पुसू लागला. तो पुन्हा धूसर झाला, म्हणून तिला बोलता आलं.

"साक्षीदार एक सांगत होता आणि माझा हात... माझ्या हाताला तुझाच चेहरा पाठ झालाय. प्रेम आहे रे माझं तुझ्यावर."

"माझंही आहे," तो म्हणाला. "म्हणून तर ताईंकडे गेलो होतो." त्याने काडीचा स्क्रू फिरवला आणि चष्मा परत तिच्या नाकावर ठेवला, पहिल्या दिवसासारखा. "खळीसुद्धा बरोबर आली होती चित्रात. इतकं बघितलंस मला... एकदा विचारायचंस ना."

"आता विचारते."

"आता उत्तर माहीत आहे तुला."

ती रस्त्यावर आली. सगळं लख्ख दिसत होतं. तिने सवयीने कानामागे हात नेला. ह्या वेळी त्याने काडी पक्की घट्ट केली होती.