बंद झाकणातली माती

"मिस्त्रीचं गॅरेज पेटवतोच की नाही बघा!" आबांनी हातातला पान्हा दाणकन आपटला. त्यांचा तीनचाकी टेम्पो चढावर इंजिन जाम होऊन मागे घरंगळला होता आणि तो चालवणाऱ्या मुलाचे पाय कायमचे गेले होते. "त्याने ऑइल कमी घातलं. तेवढं सिद्ध करा, बाई. मग मी आणि तो!"

भाऊजींना पटलंच. वहिनींच्या गुप्तहेरीत ते मदतनीस, आणि पहिल्यांदा बोलेल त्याचं त्यांना नेहमीच पटायचं.

वहिनींनी ऑइल मोजायची पट्टी ओढली. ऑइल बरोब्बर खुणेपर्यंत, पण करपलेलं. मग इंजिनावरचं पत्र्याचं झाकण काढलं. इंजिनाच्या अंगावरच्या पात्यांमधल्या फटी मातीने गच्च भरल्या होत्या.

"रस्त्यावरची उडाली असेल," भाऊजी म्हणाले.

"बंद झाकणात? या मातीबद्दल कुणापाशी ब्रही काढू नका."

मिस्त्री रडकुंडीला आला होता. "ऑइल ताजं होतं हो. करपलं कसं, मलाच कळेना!"

आबांशी भाड्यावरून भांडणारा शेजारचा टेम्पोवाला हसला. "रेडिएटरचं पाणी आटलं असणार!"

सून नवऱ्याच्या खाटेपाशी बसली होती. "मिस्त्री गरीब गाय आहे. टेम्पो मीच धुते, ऑइल गळत नव्हतं. वाराच मिळाला नाही तर ताजं ऑइल तरी काय करील?"

वहिनींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"या इंजिनात पाणी नसतं, रेडिएटरही नसतो. शेजाऱ्याला एवढंही ठाऊक नाही, म्हणजे तो सुटला. वारा आणि ऑइल, दोघं मिळून इंजिन थंड ठेवतात. कुणीतरी वाऱ्याची वाट मातीने बुजवली. सगळा ताप ऑइलवर आला, ते करपलं, इंजिन जाम. मिस्त्री स्वतःवरच बालंट येईल असं कशाला करील? बाकीचे ऑइलच्या नावाने खडे फोडत होते. वारा अडला हे आम्हा दोघांना ठाऊक, आणि माती भरणाऱ्याला."

भाऊजींनी सुनेकडे पाहिलं. वाऱ्याचं नाव तिनेच आधी काढलं होतं.

"हो, मीच!" सून कडाडली. "हे इंजिन वाऱ्यावर जगतं, हे माझ्या भावानेच शिकवलं मला. याच टेम्पोखाली त्याला चिरडून हा माझा नवरा घरी येऊन पोटभर जेवला. आणि आबा, तुम्ही टेम्पो मलाच धुवायला लावलात. रक्त कुणाचं, ते मला मागून कळलं!"

आबा पान्हा उगारून धावले. मिस्त्रीने त्यांचा हात धरला.

"पोलीस बोलवा! हिला फासावर चढवा!"

"बोलवा ना. मी सगळंच सांगणार आहे."

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई... घरातलं घरात मिटवू या."

वहिनींनी फोन लावलासुद्धा होता.

सुनेने शांतपणे पायांत चपला सरकवल्या. "तुम्हीही घाला, आबा," ती म्हणाली. "दोघांनाही जायचंय."